पूरबाईचे दोन आकडे

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी विश्वंभर लाटकरांच्या कानात त्यांच्या थोरल्या बहिणीचा आवाज आला, आणि ते खुर्चीतच दचकले. आक्का त्यांच्याशी बोलत नव्हती. ती पूरबाईशी बोलत होती.

"काय गं बाय, कितीपतोर येतंय पानी?"

"नमस्कार गोदाक्का," पूरबाई म्हणाली. "आज रात्री आठपतोर शिरटेकच्या पुलाला साडेअडतीस फूट हुईल. तुमच्या आळीत चाळीसला शिरतंय न्हवं? मग आत्ता घोर नगं. तीन वाजता परत फोन करा."

"म्हशी सोडू का न्हाई मग?"

"आत्ता नगं. वैरण तेवढी माळ्यावर टाका."

"शानी गं माझी बाय," आक्का म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

पूरबाई हे लोकांनी ठेवलेलं नाव. कागदोपत्री ती 'पूर-माहिती दूरध्वनी सेवा' होती. कोयरी नदीकाठच्या बासष्ट गावांना पावसाळ्याचे चार महिने अहोरात्र उत्तरं देणारं ते यंत्र होतं. एका वेळी हजार माणसांशी ते बोलायचं, प्रत्येकाला नावानं ओळखायचं, आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्याच बोलीत बोलायचं. विश्वंभर सदुसष्ट वर्षांचे होते. बत्तीस वर्षं त्यांनी पाटबंधारे खात्यात पुलाखालच्या मोजपट्टीवर नदीची पातळी वाचली होती. निवृत्तीनंतर केंद्रानं त्यांना पडताळणीसाठी घेतलं. दर शंभर फोनांतला एक त्यांच्या कानावर यायचा. पूरबाई नीट बोलली का, माणसाचं ऐकून घेतलं का, एवढं पाहून ते समोरच्या पडद्यावर खूण करायचे. आकडा बरोबर आहे की नाही, हे तपासणं त्यांचं काम नव्हतं.

त्यांनी आक्काच्या फोनवर 'समाधानकारक' अशी खूण केली. लगेच पुढचा फोन आला.

"मी दादू कुंभार बोलतोय, खालच्या आळीतनं."

"दादू, आज रात्री आठपतोर एक्केचाळीस फूट दोन इंच हुईल. पाचच्या सुमाराला रस्ता पान्याखाली जाईल. दोनच्या आत निघा."

विश्वंभरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. दादू कुंभाराचं घर आक्काच्या घरापासून चौथं. एकच आळी, एकच पूल, एकच नदी. आणि दोन आकडे.

आपणच काहीतरी चुकीचं ऐकलं असणार, असं त्यांना वाटलं. बहुतेक वेळा त्यांना तसंच वाटायचं. त्यांनी दोन्ही फोनांची ध्वनिमुद्रणं पुन्हा लावून ऐकली. मग एका पाठकोऱ्या कागदावर जुन्या सवयीनं हिशेब मांडला. सकाळी सहाला धरणाचे चार दरवाजे उघडले होते. ते पाणी शिरटेकला पोचायला चौदा तास. आता पुलाजवळ छत्तीस फूट चार इंच. हिशेब तीनदा केला. तिन्ही वेळा तो एक्केचाळीसच्या आसपासच आला.

म्हणजे यंत्राला खरं माहीत होतं. दादूला सांगितलं होतं. आक्काला सांगितलं नव्हतं.

पूरबाईला नदी कळायची कशी, हे विश्वंभरांनी केंद्रात आल्या आल्या वाचून घेतलं होतं. मोबाइलचे दोन टॉवर एकमेकांशी सूक्ष्मलहरींनी बोलत असतात. मध्ये पाऊस पडला की थेंब त्या लहरी थोड्या शोषतात, थोड्या विखुरतात, आणि पलीकडे पोचणारा संदेश क्षीण होतो. तो किती क्षीण झाला, यावरून दोन टॉवरांमध्ये किती पाऊस पडतोय ते काढता येतं. त्यासाठी वेगळं पर्जन्यमापक बसवायला नको. खोऱ्यातल्या टॉवरांच्या प्रत्येक जोडीमागे एक मोजमाप मिळतं. त्यात धरणाचा विसर्ग आणि उपग्रहावरून दिसणारी मातीची ओल मिळवली, की कुठल्या पुलाला किती वाजता किती पाणी, हे इंचांत सांगता येतं. विश्वंभरांना ते वाचून आनंद झाला होता, आणि थोडं वाईटही वाटलं होतं. बत्तीस वर्षं ते भिजत उभे राहिले होते.

पण हे झालं नदीचं. माणसांचं काय, याबद्दल त्या कागदांत काहीच नव्हतं.

पडताळणी करणाऱ्यानं नागरिकाला फोन करायचा नाही, हा केंद्रातला पहिला नियम होता. त्याला कारण होतं. पूर्वी तलाठी एक सांगायचा, रेडिओ दुसरं, सरपंच तिसरं, आणि लोक कोणाचंच न ऐकता घरात बसायचे. म्हणून एकच आवाज. विश्वंभरांना हा नियम पटलेला होता. तरी ते उठले, जिन्याच्या कट्ट्याशी गेले आणि स्वतःच्या मोबाइलवरून त्यांनी आक्काला फोन लावला.

"आरं विशू? ह्या वेळंला? जेवलास का?"

"जेवलो. आक्का, म्हशी सोड आणि नीघ."

"आत्ताच इचारलं की पूरबाईला. साडेअडतीस म्हनली. वैरण टाकाया लागलीया मी."

"तिचा आकडा चुकीचा आहे."

"आनि तुझा बरोबर?" आक्का हसली. "सोयरीक आली तवा दोन म्हयनं इचार करत बसलास. पोरगी दुसऱ्याच्या घरात गेली, तिला नातवंडं झाली. तू कवापासनं ठाम बोलाया लागलास?"

"आक्का, पाया पडतो तुझ्या. एक्केचाळीस येतंय."

पलीकडे वैरणीची सळसळ थांबली.

"भ्यालास व्हय रे?"

"हो."

"मग जाते बाबा. दादूच्या ट्रॉलीत म्हशींना जागा हाय का बघते. तू जिवाला लावून घिऊ नगंस."

फोन ठेवला तेव्हा एक वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. आपल्या आकड्याला आक्कानं काडीची किंमत दिली नाही, ती निघाली ती आपल्या भीतीपोटी, हे विश्वंभरांच्या लक्षात आलं. पण निघाली.

केंद्रप्रमुख ऋजुता घोरपडे पस्तिशीची होती. काचेच्या खोलीत उभ्यानंच डबा खात होती.

"मॅडम, एकाच आळीत दोन आकडे दिलेत," विश्वंभर दारातूनच म्हणाले.

ती चकित झाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती चकित झाली नाही. तिनं डब्याचं झाकण लावलं, पुढे होऊन दार लोटलं आणि म्हणाली, "बसा काका."

"खरा कुठला?"

"एक्केचाळीस दोन."

"मग माझ्या बहिणीला..."

"सहा वर्षांपूर्वीचा पूर आठवतो ना? शिरटेकमधनं बाहेर पडायला एकच रस्ता. त्या दिवशी सगळ्यांना एकाच वेळी खरं सांगितलं. बाराशे माणसं, दोनशे ट्रॉल्या, जनावरं, सगळी एका तासात त्या रस्त्यावर. अकरा माणसं गेली. घरात एकही नाही काका, सगळी रस्त्यावर. रस्ता तुंबला, आणि तिथं अडकलेल्यांना पाण्यानं गाठलं." ती शांतपणे बोलत होती. हे तिनं आधीही कुणाला तरी सांगितलेलं असावं. "तेव्हापासून पूरबाई पाळीपाळीनं सांगते. दादू कुंभाराला दोनच्या आत काढायचं, पुढच्या पाच घरांना तीननंतर. ज्याची पाळी आली नाही त्याला छोटा आकडा."

"म्हणजे खोटं सांगता."

"उशिरा खरं सांगतो."

याला काहीतरी उत्तर आहे, हे विश्वंभरांना कळत होतं. पण त्यांना उत्तरं नेहमी घरी गेल्यावर सुचायची. त्यांनी दुसरीकडून विचारलं.

"आक्काला दोन म्हशी आहेत. वय चौऱ्याहत्तर. तिला जास्त वेळ लागतो. तिची पाळी दादूच्या आधी नको?"

ऋजुतानं पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर आक्काचं नाव होतं. खाली लिहिलं होतं: 'सेवेच्या सूचनेवरून निघण्याची शक्यता शंभरात सहा. भावाच्या फोनवरून, शंभरात चौऱ्याण्णव. भावाचा फोन अपेक्षित: एक वाजून बावीस ते तीस.'

विश्वंभरांनी ते दोनदा वाचलं.

"तिचा फोन माझ्या कानावर आला तो..."

"शंभरातला एक म्हणून नाही आला."

"आणि दादूचा?"

"तुम्हाला फरक दिसावा म्हणून. नुसता आक्कांचा ऐकून तुम्ही समाधानकारक म्हणून सोडून दिला असता."

त्यांनी तसंच केलं होतं. चोरी पकडली जावी तसं त्यांना वाटलं, आणि चोर कोण हे मात्र कळेना. तीन वर्षं ते यंत्रावर लक्ष ठेवून होते, असा त्यांचा समज होता. त्यांचा संशय, चष्मा पुसणं, तीनदा केलेला हिशेब, जिन्यापाशी जाऊन चोरून केलेला फोन, सगळं कुणीतरी आधीच जमेस धरलं होतं.

"वाईट वाटून घेऊ नका," ऋजुता म्हणाली. "त्या निघाल्या ना?"

"निघाली." त्यांची नजर पडद्यावरच होती. "आणि ज्यांना भाऊ नाही?"

पडदा परत वळवायला ऋजुतानं हात पुढे केला, पण विश्वंभरांनी तोवर खालची यादी पाहिली होती. खालच्या आळीतली एकोणीस नावं. प्रत्येकापुढे एकच शब्द, 'होडी'.

"या लोकांनी गेल्या तीन पुरांत ऐकलं नाही," ती म्हणाली. "स्वतः बसले ते बसले, शेजाऱ्यांनाही बसवून ठेवलं. 'काय होत न्हाई' म्हणून आळीभर सांगत फिरले. म्हणून त्यांना छोटाच आकडा. गप्प राहतात, बाकीचे निघतात. नंतर त्यांना होडीनं काढतात."

"त्यांना तीन वाजता खरं सांगणार?"

"नाही."

"होड्या किती?"

"दोन."

"एकोणीस घरांना दोन होड्या?"

"गेल्या वेळी पुरल्या."

"गेल्या वेळी साडेएकोणचाळीस होतं," विश्वंभर म्हणाले. पाण्याच्या बाबतीत त्यांना आठवावं लागायचं नाही. "आणि होडीचा खर्च पूरबाई चालवणाऱ्या कंपनीच्या खात्यातला नाही. करार, पान चौसष्ट."

"तुम्ही करार वाचलात?"

"मला वाचायची सवय आहे," ते गुन्हा कबूल केल्यासारखे म्हणाले.

पूर्वी हे केंद्र म्हणजे दोन फोन आणि पाळीवर बसणारे चार कारकून असं होतं. जूनमध्ये अनुदान मंजूर व्हायचं आणि हातात पडायचं ते पूर ओसरल्यावर. मग करार आला. कंपनीला पैसे निकालावर मिळायचे. रस्त्यानं आपण होऊन बाहेर पडलेल्या दर कुटुंबामागे ठरावीक रक्कम, रस्ता तुंबला तर दर तासाला कपात. होड्या सरकारच्या. त्यातून कोणी निघालं तर कंपनीला मिळकत नाही आणि कपातही नाही. नव्वद पानांत त्या माणसांची किंमत शून्य होती.

"यंत्राला करार कळत नाही काका," ऋजुता म्हणाली. "त्याला फक्त गुण कळतात. ज्यानं गुण वाढतात ते ते करतं."

"गुण कोणी ठरवले?"

ऋजुता खिडकीबाहेर बघायला लागली.

तिच्या चेहऱ्यावरून विश्वंभरांना काही ताडता येईना. ही बाई कंपनीची बाजू घेतेय, की तीन वर्षं हे एकटीनं पोटात ठेवून दमलीय? का हेही बोलणं ठरलेलंच आहे? माणसावर संशय घ्यायला लागलं की तो कुठं थांबवायचा, हे त्यांना कधीच समजलं नव्हतं. खात्यात असताना एकदा पट्टीवर गाळ बसला होता आणि वाचलेल्या आकड्याची त्यांना खात्री वाटेना. पुन्हा खाली उतरून पाहण्यात अर्धा तास गेला. कोणी मेलं नाही. पण खालच्या गावातल्या लोकांना तो अर्धा तास मिळाला असता, एवढं मात्र खरं होतं. त्याबद्दल त्यांना कोणी कधी विचारलं नाही, आणि त्यांनीही कोणाला सांगितलं नाही.

खिशातली पेन्सिल काढून ते यादी उतरवून घ्यायला लागले.

"एका गावात दोन आवाज झाले की काय होतं, तुम्हाला माहीत आहे," ऋजुता म्हणाली.

"माहीत आहे."

"तुमचं काम जाईल."

"हो."

एकोणीस नावं आणि नंबर लिहून होईपर्यंत ती थांबली. मग पडद्यावरचं वेळापत्रक पाहत, कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली, "अडीच ते तीन रस्ता रिकामा ठेवलाय. जनावरांसाठी राखीव वेळ असतो. त्यात वीसेक घरं मावतील. त्याच्या आधी नाही, नंतरही नाही."

विश्वंभर दारापर्यंत गेले आणि थबकले. आपण हे करणार, हेही त्या पडद्यावर कुठं लिहिलेलं असेल का? ते विचारणार होते. पण विचारलं तर उत्तर मिळेल, आणि कुठलंही उत्तर मिळालं तरी आपला हात थांबेल, हे त्यांना स्वतःबद्दल पुरतं माहीत होतं. ते न विचारता बाहेर पडले.

एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. पहिला फोन कोणी उचलला नाही. दुसऱ्यानं "तुमच्या आयला, किती जण फोन करताय रे" म्हणून बंद केला. तिसरं नाव रायगोंडा चौगुले, वय एकाहत्तर, घरात एकटे.

"कोन?"

"मी विश्वंभर लाटकर. पूर-माहिती केंद्रातून बोलतोय."

"तितं तर बाई असती. बाप्या कवा आला?"

"बाईचा आकडा चुकलाय. एक्केचाळीस फूट दोन इंच येतंय. तुम्ही अडीच वाजता निघायला हवं."

"बाई साडेअडतीस म्हनती, तू एक्केचाळीस म्हनतोस. उद्या तिसरा यील, पन्नास म्हनंल. मागं एकदा तुमचं ऐकून घर सोडलं, दोन दिसांनी येतोय तर हिरीवरची म्होटार पळवल्याली. कोन भरून दिली? तू दिलीस? आता कुनाची म्होटार पायजेल तुला?"

रायगोंडांच्या नावापुढे 'न ऐकणारा' असं काहीतरी लिहिलेलं असणार. मोटार कुठं लिहिली असणार?

शपथ घ्यावी, आवाज चढवावा, असं त्यांच्या मनात आलं. पण चढलेल्या आवाजावर ते स्वतःही कधी विश्वास ठेवत नसत.

"रायगोंडा, माझ्यावर विश्वास ठेवू नका," ते म्हणाले. "बाईवरही ठेवू नका. तुमच्या घरातून पाणी कुठं दिसतं?"

"परड्यामागं. वढ्याच्या वगळीत तुंबलंय की."

"एक काठी घ्या. पाण्याच्या कडेला रोवा. पाणी जिथं टेकलंय तिथं कोयत्यानं खाच करा. पंधरा मिनिटांनी जाऊन बघा. पाणी खाचेच्या वर एक बोट चढलं असेल तर बाई खरी. खुशाल घरी बसा, मला शिव्या घाला. तीन बोटं चढलं असेल तर मी खरा."



"बोटं कुनाची धरायची?" रायगोंडांनी विचारलं. "माझी जाड हायत."

"तुमचीच धरा."

फोन बंद झाला. काठी रोवायला गेले की वैतागून ठेवला, काही कळलं नाही. विश्वंभरांनी चौथा नंबर लावला आणि या वेळी फूट-इंच काही सांगितलंच नाही. सरळ काठीच सांगितली. पाचव्यालाही तेच, सहावीलाही. एक बाई म्हणाली, "काठी कशाला, पायरीवर खडूची रेघ मारते की." एक जण नुसता हसला. एकानं विचारलं, "ह्यात तुमचा काय फायदा?" 'काही नाही' म्हणालो तर त्याला जास्तच संशय येईल म्हणून ते म्हणाले, "मला बघायचंय, माझं गणित बरोबर आहे का." ते अगदीच खोटं नव्हतं.

काचेच्या खोलीतून ऋजुता त्यांच्याकडे पाहत होती. तिनं फोन उचलला. कंपनीला कळवत असेल, किंवा घरी बोलत असेल. विश्वंभरांनी पाठ फिरवली.

दोन वाजून सहा मिनिटांनी त्यांनी रायगोंडांना पुन्हा फोन लावला. तिसऱ्या घंटेला उचलला गेला. धापा ऐकू येत होत्या, पाऊस जवळून वाजत होता.

"कोन, लाटकर?"

"हो. पाहिलंत?"

"तीन झाली," रायगोंडा म्हणाले. "चौथं टेकाय लागलंय. मी दुसरी बी काठी रोवली, म्हटलं पैली भुसभुशीत मातीत खचली असंल. तिचं बी तेच." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "म्होटार संगं घिऊन येता यील का?"

"घ्या. पण बरोबर अडीचला रस्त्याला लागा. जनावरांची वेळ आहे, मोकळा मिळेल."

"शेजारी भीमू हाय. त्यो कुनाचं ऐकत न्हाई."

विश्वंभरांनी यादीवर बोट फिरवलं. भीमू अकरावा होता. त्याला फोन अजून लावायचा होता.

"त्याला तुम्ही सांगता का?"

फोन रायगोंडांच्या हातात तसाच चालू राहिला. पावलं चिखलातून गेली, काहीतरी पत्र्यावर आपटलं, आणि मग गडावरून हाळी द्यावी तशा मोठ्या आवाजात ते कुंपणापलीकडे ओरडले:

"भीम्या! आरं ए भीम्या! कुनाचंच ऐकू नगंस! काठी घिऊन भाईर ये आदी!"